घोडी रात्रीच विते, डॉक्टर सकाळी येतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मार्गशीर्ष लागला की तुमच्या पेपरात सारंगखेड्याच्या यात्रेचे फोटो यायला लागतात, एकमुखी दत्ताचं दर्शन, तापीचा काठ, आणि मग अमुक घोड्याला इतके लाख बोली लागली, तमुक घोडी रोज किती दूध पिते, तिला झोपायला कूलर लागतो वगैरे वगैरे. आम्ही पण वाचतो, मजा येते. पण त्याच बाजारातून दरवर्षी गाभण घोड्याही विकल्या जातात, आणि त्या नेऊन दारात बांधल्यावर पुढं त्यांचं काय होतं यावर एक ओळ छापून आलेली मी तरी पाहिली नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. लांब झालंय, काटछाट करा, पण वारेचा, म्हणजे विल्यानंतर जी पिशवी पडते तिचा, भाग तेवढा कापू नका.

आमच्याकडे वरातीच्या घोड्या आहेत, सासऱ्यांपासूनचा धंदा. लग्नसराईत नवरा आणि दीर रात्री बाहेर असतात, त्यामुळे गाभण घोडीची राखण माझ्याकडे आली ती आलीच. आता आजूबाजूच्या गावांतून पण फोन येतात, वहिनी कास भरलीय, आज होईल की उद्या, जरा येऊन बघता का.

आता हे कोण सांगणार? गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, हे घराघरात पाठ असतं आणि बऱ्यापैकी जुळतंही. घोडीचं तसं नाही. सरासरी 340 दिवस म्हणायचं, पण 320 व्या दिवशी पण विते आणि 365 पर्यंत पण लांबवते, आणि दोन्ही वेळा शिंगरू ठणठणीत असू शकतं. म्हणजे महिना-दीड महिना नुसती वाट बघायची. त्यात घोडी बाजारातली असेल तर बोलायलाच नको, विकणारा म्हणतो सहावा महिना चालू, घेणारा मान डोलावतो, आणि घोडा नक्की कधी दाखवला ते त्या देवाला माहीत.

मग उरतात ती लक्षणं. विण्याच्या दोन ते चार आठवडे आधी कास भरायला लागते, सुरुवातीला रात्री भरते आणि दिवसा चालली-फिरली की उतरते, तेव्हा घाबरायचं नाही. नंतर उतरायची थांबते. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचं मांस सैल पडतं, बोटानं दाबलं तर थलथल हलतं. पोट बाजूनं कमी दिसायला लागतं, खाली उतरतं. आणि मग एके दिवशी सडाच्या टोकाला पिवळसर, मेणासारखा चिकट थेंब वाळून बसलेला दिसतो. हा थेंब दिसला की बहुतेक घोड्या एक ते चार दिवसांत वितात. बहुतेक म्हटलं बरं का, कारण काही घोड्या थेंब न दाखवताच मोकळ्या होतात आणि काही आठवडाभर थेंब मिरवत उभ्या राहतात आणि आपण झोपेवाचून वेडे.

अजून एक सोपी युक्ती आहे, आमच्याकडे कोणी वापरत नाही म्हणून सांगते. कॉलेजच्या लॅबला सामान पुरवणाऱ्या दुकानात आम्लपणा मोजायचा पीएच पेपर मिळतो, बारीक फरक दाखवणारा घ्यायचा. संध्याकाळी सडातून दोन थेंब काढून त्यावर टाकायचे. विणं लांब असतं तेव्हा आकडा सातच्या वर असतो, जवळ आलं की साडेसहाच्या खाली येतो, कारण दुधात कॅल्शियम वाढतं आणि आम्लपणा येतो. आकडा खाली आला नसेल तर त्या रात्री बिनधास्त झोपा. पण दोनच थेंब काढायचे, पिळत बसायचं नाही, तो चीक शिंगराचा आहे. आणि घोडी आपोआपच दूध गाळायला लागली तर ते स्वच्छ भांड्यात धरून फ्रीजरमध्ये ठेवा, वाया घालवू नका.

आता मुद्द्याचं. दहातल्या आठ घोड्या रात्रीच वितात. नुसत्या रात्री नाही, माणसं निजल्यावर. घोडी हे मोकळ्या रानातलं, पळून जीव वाचवणारं जनावर, आडवी पडणं म्हणजे तिच्यासाठी धोका, त्यामुळे आजूबाजूला शांत होईपर्यंत ती सुरुवातीच्या कळा चक्क रोखून धरते. बॅटऱ्या मारल्या, पोरं बघायला गोळा झाली, कोणी व्हिडिओ काढायला लागलं की ही परत कडबा खायला लागते, आणि सगळे कंटाळून चहाला गेले की मागे काम उरकते. आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत श्रावणात दिवसा घोडी व्याली तर अशुभ मानून शांती करायला सांगितलीय. मी काही शांती-बिंती करणारी नाही, पण दिवसा विणं हीच विचित्र गोष्ट धरली होती त्यांनी, यातच काय ते आलं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे वेग. गाईच्या कळा तासन्तास चालतात, रात्री अडली तर माणूस धावपळ करून कुठून तरी डॉक्टर उठवून आणतो आणि वासरू बरेचदा वाचतं. घोडीला तेवढी सवड नसते. आधी ती बेचैन होते, घाम फुटतो, कुशीकडे बघते, उठबस करते, पोटशूळ उठल्यासारखंच दिसतं, हे तासभर ते चार तास. पण एकदा पाणमोट फुटली की वीस ते तीस मिनिटांत शिंगरू बाहेर. आधी दोन पुढचे पाय, एक जरा पुढे एक जरा मागे, खुरांचे तळवे जमिनीकडे, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक, हे सगळं पांढरट निळसर चकाकत्या पडद्यात. असं दिसलं की हात मागे बांधून उभं राहायचं. तळवे आभाळाकडे दिसले, एकच पाय दिसला, किंवा पायांबरोबर नाक नाही, तर मात्र गडबड आहे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाल पिशवी. पाणी न फुटताच मखमलीसारखं गडद लाल काहीतरी बाहेर येतं. याचा अर्थ वार आतून आधीच सुटली, शिंगराला आता आईकडून हवा मिळत नाही. तिथं एक क्षण वाट बघायची नसते, हातात जे धारदार असेल त्यानं ती पिशवी जपून फाडायची, आतला पांढरा पडदा पण फाडायचा आणि कळांबरोबर शिंगरू ओढून घ्यायचं.

आमच्या ओळखीतल्या एकाकडे मागच्या उन्हाळ्यात हेच झालं. रात्री दोनच्या पुढे. त्याला वाटलं आतडं बाहेर आलं. त्यानं डॉक्टरला फोन लावला, फोन उचलला गेला हे त्याचं नशीब, पण पलीकडून उत्तर काय तर हात लावू नका, मी सकाळी येतो. तो बिचारा स्वच्छ चादर भिजवून ते लाल झाकून बसला. नंतर मला बोलावलं तेव्हा शिंगरू गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेलं होतं, पूर्ण वाढलेलं, पंचकल्याणी, चारही पाय आणि कपाळ पांढरं, खुरांना जन्माच्या वेळी असतात ती मऊ पिवळी बोटं तशीच, एक पाऊलही न टाकलेली. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही हो, त्याचा सगळा जन्म गाई-म्हशींत गेला, घोडी विताना त्यानं कितीवेळा बघितली असेल? पण मग बघितलेला माणूस आम्ही शोधायचा कुठं?

वारेचंही तेच. गाईची वार बारा तासांत पडली तरी चालतं म्हणून सगळे निवांत असतात. घोडीची तीन तासांत पडलीच पाहिजे. त्यानंतर अडकलेला छोटा तुकडा पण गर्भाशयात सडतो, ताप चढतो आणि मग खुरं धरतात, लॅमिनायटिस म्हणतात त्याला, त्यात चांगली धावती घोडी जन्माची लंगडी होते. आणि आपल्याकडे काय सल्ला मिळतो, तर थांबा, पडेल संध्याकाळपर्यंत, नाहीतर दगड बांधा तिला. दगड अजिबात बांधू नका, ओढू पण नका, लोंबत असेल तर पायाखाली येऊ नये म्हणून वरच गाठ मारून ठेवा आणि डॉक्टरच्या मागे लागा. वार पडली की जमिनीवर पसरून बघायची, दोन्ही टोकं शाबूत आहेत का.

शिंगरासाठी हिशोब सोपा आहे, तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत पीत असलं पाहिजे. पोटातल्या शिंगराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातूनच येते, आणि ती शोषून घ्यायचं आतड्याचं काम पहिल्या काही तासांत जोरात चालतं, दिवस उलटला की बंद. म्हणून तर विण्याच्या महिनाभर आधी घोडीला धनुर्वाताची लस टोचून घ्यायची, म्हणजे चीक भारी उतरतो. नाळ कापायची घाई नको, घोडी उठली की तिची ती तुटते, मग फक्त औषधात बुडवायची.

पुण्याकडे रेसच्या घोड्यांचे मोठे स्टड फार्म आहेत, तिथं विणाऱ्या घोडीवर रात्रपाळीचा माणूस असतो, कॅमेरे असतात, डॉक्टर हाताशी असतो. त्यांचा पैसा, त्यांनी करावं, चांगलंच आहे. पण वरातवाले, टांगेवाले, माथेरान-महाबळेश्वरला पर्यटकांना फिरवणारे, बिऱ्हाड पाठीवर लादून मेंढरांमागे फिरणारे धनगर, यांच्या घोड्यांचं काय? धनगरांच्या त्या भीमथडी घोड्याला 2024 च्या सुरुवातीला देशाच्या जातींच्या यादीत जागा मिळाली, सत्कार-बित्कार झाले, भाषणं झाली. पण धनगराची घोडी वाटेत विते, माळावर, तिथं कोण आहे? 2012 ला देशात सव्वासहा लाख घोडे होते, 2019 च्या पशुगणनेत 3.4 लाख उरले, म्हणजे जवळजवळ निम्मे गेले, आणि आपण किमती छापतोय. बाकी सरकारला घोडा आठवतो तो ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाची साथ आली की, तेव्हा रक्त घ्यायला सगळे बरोबर येतात.

आता मागणी. 1962 नंबरवर फिरत्या दवाखान्याची गाडी येते, सोय चांगली आहे, तिला नावं ठेवायची नाहीत मला. पण वीस मिनिटांच्या कामाला कुठलीही गाडी पुरी पडणार नाही, रात्री अडीचला तर नाहीच. आम्हाला गाडी नको, आवाज द्या. राज्यात नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ इतक्या ठिकाणी पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, सगळी एकाच विद्यापीठाखाली. तिथल्या घोड्यांचं कळणाऱ्या डॉक्टरांनी फेब्रुवारी ते जून पाळीपाळीनं रात्रीचा एक फोन सांभाळावा, घोड्या जास्त करून त्याच काळात वितात. आमच्याकडे व्हिडिओ कॉल सगळ्यांना येतो. समोर लाल दिसलं की पलीकडून कोणीतरी फाड म्हणावं, एवढंच. त्या रात्री एवढं कोणी म्हणालं असतं तर ते शिंगरू आज वर्षाचं झालं असतं.

दुसरं, सारंगखेड्याला यात्रेत घोड्यांच्या शर्यती होतात, नाच होतो, सौंदर्य स्पर्धा होतात, त्या मांडवात एक सकाळ घोडी विण्याचं प्रात्यक्षिक दाखवा. गोणपाट आणि फुगवलेल्या पिशव्या घेऊन पण दाखवता येतं, मी येते शिकवायला, मानधन नको. नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पण करा, तिथं पण घोडे येतात.

आणि तिसरं तर फुकटातलं आहे. बाजारात सौद्याच्या पावतीवर रंग, वय, खुणा लिहितात, भोवरे सुद्धा मोजून लिहितात, त्याच पावतीवर गाभण घोडीसाठी एक रकाना वाढवा, घोडा दाखवल्याची तारीख, आणि तारीख माहीत नसेल तर विकणाऱ्यानं माहीत नाही असं लिहून सही करावी. मग बघा किती सहाव्या महिन्याच्या घोड्या एकदम आठव्या नाहीतर चौथ्या महिन्यात जातात.

तोपर्यंत ज्यांच्या दारात कास भरलेली घोडी उभी आहे त्यांनी जागा कोरडी ठेवा, खाली भरपूर पेंढा टाका, शेपटी स्वच्छ कापडानं बांधून ठेवा, आणि धारदार कात्री खुंटीला टांगून ठेवा, घरात सगळ्यांना दिसेल अशी.

आपली वाचक,
एक घोडीवाली
ता. शहादा, जि. नंदुरबार