लिंक फॉरवर्ड करू नका, स्क्रीनशॉट पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी अ‍ॅडमिन आहे, दोनशेच्या आसपास मेंबर आहेत आणि त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. मागच्या महिन्यात रविवारी सकाळी बी विंगमधल्या काकांच्या नंबरवरून ग्रुपवर एक फाइल पडली, नाव 'आरटीओ चलान' आणि शेवटी डॉट एपीके (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल). काकांचा नंबर म्हटल्यावर शंका कोण घेणार! एका ताईंनी उघडली, अ‍ॅप इन्स्टॉल झालं, त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली तीही त्यांनी दिली, आणि दुपारपर्यंत ओटीपी परस्पर वाचून खात्यातले १८ हजार गेले. काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आदल्या दिवशी त्यांनी तसलीच एक फाइल उघडली होती आणि त्यांचा फोन आपोआप ती सगळीकडे पाठवत सुटला होता.

पण मला खरं लिहायचंय ते पुढचंच. मी ग्रुपवरून फाइल डिलीट केली (अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, कितीतरी अ‍ॅडमिनना हे माहीतच नसतं), तोवर चौघांनी 'हे उघडू नका, फ्रॉड आहे' असं लिहून तीच फाइल आपापल्या माहेरच्या, सासरच्या, ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती! भावना चांगलीच होती हो, पण वरची सूचना कोण वाचतं, बोट आधी फाइलवर जातं. 'बिल भरलं नाही, वीज तोडू' अशा खोट्या मेसेजमधल्या लिंकचंही तेच होतं. म्हणून कळकळीने सांगतो, सावध करायचं असेल तर स्क्रीनशॉट काढून पाठवा, फोटोतली लिंक दाबली तरी उघडत नाही.

आणि पत्ता नुसता वरवर बघू नका. मधे कुठेतरी 'गव्ह डॉट इन' दिसलं म्हणजे साइट सरकारी होत नाही, सुरुवातीचं 'https://' सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी पत्ता कशावर संपतो ते बघायचं. बँकांच्या साइट आता रिझर्व्ह बँकेने सांगितल्याप्रमाणे 'डॉट बँक डॉट इन'वर गेल्यात, त्यामुळे तिथेही शेवट बघितला की बरंच कळतं. पण चलान असो की बिल, सगळ्यात सोपं म्हणजे आलेली लिंक सोडून द्यायची आणि साइट स्वतः उघडून बघायची.

त्या ताईंनी घरात कळलं तर काय म्हणतील या भीतीने संध्याकाळपर्यंत कुणालाच सांगितलं नाही. मला सांगितलं तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. १९३० हा सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर त्यांना माहीतच नव्हता. लगेच फोन केला तर समोरच्याने काढून घ्यायच्या आत पैसे खात्यात गोठवता येतात, उशीर झाला की ते पाच-दहा खात्यांतून फिरून निघून जातात. ताईंचे अजून मिळालेले नाहीत.

आपल्या पेपरात राशिभविष्याच्या शेजारी १९३० हा नंबर रोज ठळक छापता येईल का? आमच्याकडची वयस्कर मंडळी तो कोपरा एकही दिवस चुकवत नाहीत.

आपला नियमित वाचक,
पुणे