डग्गा कोपऱ्यातून वाजू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की जाहिरातींत सबवूफरचे, म्हणजे फक्त खर्जाचा आवाज देणाऱ्या वेगळ्या स्पीकरचे, वॉट ठळक छापून येतात. तो घरच्या स्पीकरशी जुळवायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यापायी माझं वर्षभराचं ऐकणं वाया गेलं, म्हणून हे पत्र.

मी औशाचा. चाळीस वर्षं भजनात पखवाज वाजवतो. डाव्या अंगाला लावायची ओली कणीक चिमूटभर जास्त झाली तरी हाताला कळते. मुलानं पाच इंची वूफरचे दोन स्पीकर, त्यांना आवाज पुरवणारा रिसीव्हर आणि दहा इंची सबवूफर घेऊन दिला. बसवायला आलेल्या पोरानं सब कोपऱ्यात सारला, रिसीव्हरमध्ये स्पीकर 'लार्ज'वर (म्हणजे खर्जही त्यांनीच वाजवायचा) ठेवले, सबनं कुठवरचे स्वर वाजवायचे ते ठरवणारं त्याचं बटण दीडशे हर्ट्झवर (सेकंदाला दीडशे कंपनं) नेलं आणि "काका, बघा बेस कसा हाणतोय" म्हणून तो निघून गेला.

त्या दिवसापासून बुवांचा गळा बसल्यासारखा वाटायला लागला. डग्ग्याचा घिस्सा ऐकूच येईना, नुसतं घुमायचं. मांडणीवरची पितळी ताटं थरथरायची. "अहो, बंद करा ते, डोकं उठलं," असं घरातून रोज ऐकायचो.

पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. सब दीडशेपर्यंत वाजला की बुवा अर्धे समोरून आणि अर्धे कोपऱ्यातून गातात. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतो हे कानाला फारसं कळत नाही, म्हणून कामाची वाटणी तिथंच करायची. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' (म्हणजे खर्ज सबकडे) करून क्रॉसओव्हर, म्हणजे वाटणीची सीमा, ८० ठेवला. मग सबचं स्वतःचं ते बटण सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवायचं, नाहीतर एकच आवाज दोनदा कापला जातो. छोट्या स्पीकरवरचा खर्जाचा बोजाही उतरला आणि बुवांचा गळा मोकळा झाला.

पण घुमणं राहिलंच. आमची बैठक १४ फूट लांब, खाली शहाबादी फरशी, भिंती मोकळ्या. खोलीत कोणता स्वर घुमतो ते असं काढायचं: आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याला लांबीच्या दुपटीनं, म्हणजे २८ नं भागलं की ४० येतात. या ४० हर्ट्झचा स्वर भिंतीपाशी फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. सतरंजी-पडद्यानं तो आवरत नाही, जागाच बदलावी लागते. मी सब उचलून माझ्या खुर्चीवर ठेवला, पखवाजाचं ध्वनिमुद्रण लावलं आणि कान फरशीजवळ नेत भिंतीकडेनं रांगत निघालो. "आजोबा, काय करायलाव?" म्हणत नातू मागं रांगायला लागला. दारापाशी, कोपऱ्यापासून चार हातांवर 'धा' सुटा आणि गोल ऐकू आला. सबची जागा तीच ठरली.

आणखी एक गोष्ट. सबच्या पाठीला ० आणि १८० असा फेजचा खटका असतो. स्पीकरचा पडदा बाहेर येताना सबचा आत जात असेल, तर ८० च्या सीमेवर दोघं एकमेकांचा आवाज खातात. मी खुर्चीवर बसलो आणि नातवाला खटका बदलायला लावला. ० वर आवाज पोकळ, १८० वर भरीव. कुणाच्या घरी उलटंही निघेल, ज्याचं त्यानं ऐकून ठरवावं. शेवटी सबचा आवाज इतका कमी केला की तो चालू आहे हे कळत नाही, पण बंद केला की पखवाजाचं डावं अंग हरवतं.

हे सगळं करायला तासभरही लागत नाही. सबसोबतचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, माझ्या वयाच्या किती जणांना ते वाचता येईल? आपल्या खरेदी पुरवणीत सवलतींच्या शेजारी एवढी माहिती मराठीत छापावी, ही विनंती. आणि घेणाऱ्यांनी बसवायला आलेल्या माणसाला आपल्या ओळखीचं भजन लावायला सांगावं, आपल्या नेहमीच्या जागी बसून ते ऐकावं आणि मगच त्याला सोडावं.

आपला,
एक पखवाजवादक, औसा (जि. लातूर)