श्रीरामपूरच्या मंडळीचा इतिहास लिहिताना

प्रिय बेटी,

प्रभूमध्ये सलाम.

बी.डी. या ईश्वरज्ञानाच्या पदवीच्या प्रबंधासाठी तू श्रीरामपूरच्या बाप्टिस्ट मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चचा, इतिहास घेतलास, फार बरं वाटलं. हे श्रीरामपूर हुगळीकाठचं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, हे पहिल्याच पानावर स्पष्ट कर. आपल्याकडे हमखास घोळ होतो. तुझा आराखडा वाचला. बहुतेक प्रकरणं तिथले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांच्यावरच आहेत. कॅरी मोठेच होते, पण मंडळीचा इतिहास म्हणजे पाळकाचं चरित्र नव्हे. लोक एकत्र कसे राहिले, पैसा कुठून आला, कोण कोणाच्या पंगतीला बसलं, मेलेल्याला खांदा कोणी दिला, यावरून मंडळी कळते. माझ्या मते या मंडळीचा खरा पाया तिच्या जेवणाच्या टेबलावर घातला गेला. तुझी मांडणी तिथून सुरू व्हावी असं मला वाटतं.

आधी जागा. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना राहू देत नव्हती. कलकत्त्यापासून जवळच डेन्मार्कच्या राजाचं हे छोटं ठाणं होतं आणि तिथले गव्हर्नर ओले बी यांनी आसरा दिला. 13 ऑक्टोबर 1799 ला इंग्लंडहून आलेले मिशनरी मार्शमन, वॉर्ड, ब्रन्सडन आणि ग्रँट तिथे उतरले. ग्रँट 18 दिवसांत वारले. कॅरी आतल्या भागात निळीच्या कारखान्यावर होते, ते 10 जानेवारी 1800 ला येऊन मिळाले. पुढच्या दोन वर्षांत फाउंटन, ब्रन्सडन आणि डॉ. थॉमस हे सोबतीही वारले. ही नावं वगळू नकोस. मार्शमन, वॉर्ड आणि कॅरी हे त्रिकूट पुढे प्रसिद्ध झालं, पण सुरुवातीला माणसं जास्त होती आणि मरण फार जवळ होतं.

त्यांनी गव्हर्नरच्या पुतण्याकडून नदीकाठचं मोठं घर 6,000 रुपयांना घेतलं. किंमत ऐकून ते घाबरले होते. पण हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की चार वर्षांचं भाडंच तेवढं होतं. वॉर्ड यांच्या रोजनिशीत घराचं वर्णन आहे: प्रशस्त व्हरांडा, मधे मोठा हॉल, दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्या, पुढे दोन सुट्या खोल्या, एका बाजूला कोठार, भोवती भिंत, मागे बाग आणि मधे तळं. हॉलमध्ये उपासना सुरू झाली आणि कोठारात छापखाना बसला. याचा एक नकाशा काढून प्रबंधात घाल. उपासना, छपाई, शाळा आणि स्वयंपाक एकाच आवारात होता, हे डोळ्यांसमोर आलं नाही तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

आता घराचे नियम. जानेवारी 1800 मध्येच ते ठरले. उपदेश आणि प्रार्थना पाळीपाळीने. घराचा कारभार एकेकाने एकेक महिना पाहायचा. खजिना आणि औषधांची पेटी कॅरींकडे, ग्रंथालय फाउंटन यांच्याकडे. कोणीही स्वतःचा वेगळा धंदा करायचा नाही, मिळकत सगळी मिशनच्या एका पेटीत. आणि शनिवारची संध्याकाळ आपसातले रुसवेफुगवे मिटवण्यासाठी राखलेली, म्हणजे रविवारी प्रभुभोजनाला, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, बसताना मनात किल्मिष नको. या शनिवारच्या बैठकीला तू अर्धं प्रकरण दे. एका छपराखाली इतकी कुटुंबं, सगळ्यांना ताप, पैशांची ओढाताण, अशा वेळी घर फुटतं ते ईश्वरज्ञानाच्या वादावरून नव्हे, ताटावरून आणि पोरांवरून. ते फुटलं नाही, कारण भांडण मिटवायला वार नेमलेला होता. हॅना मार्शमन यांचं नावही इथेच यायला हवं. एवढ्या मोठ्या घराच्या संसाराचा भार बराचसा त्यांच्यावर होता आणि मुलींची शाळाही त्यांनी चालवली. मार्शमन पतिपत्नींच्या निवासी शाळांचं आणि पुढे छापखान्याचं उत्पन्न त्याच पेटीत जाई. कॅरींना 1801 पासून फोर्ट विल्यम कॉलेजात महिना 500 रुपये आणि 1807 पासून 1,000 रुपये मिळत. त्यातलंही पोटापुरतं ठेवून बाकी सगळं पेटीत.

24 एप्रिल 1800 ला मंडळी रीतसर स्थापन झाली आणि कॅरी पाळक झाले. पण तोवर तीत एकही बंगाली माणूस नव्हता. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. डॉ. थॉमस यांनी त्यांना झाडाला बांधलं, कॅरी आणि मार्शमन यांनी ओढ दिली आणि हाड बसवलं. दुखणं उतरलं तरी कृष्ण पाल येत राहिले. 22 डिसेंबरला ते आणि त्यांचे सोबती गोकुळ मिशनच्या घरात सगळ्यांबरोबर जेवायला बसले. नदीत बुडी देऊन होणाऱ्या बाप्तिस्म्याच्या सहा दिवस आधी! जात मोडली ती टेबलावर, नदीत नव्हे. गावाला हे नेमकं कळलं होतं. बातमी फुटताच मोठा जमाव गोळा झाला, त्यांना ओढत न्यायाधिशापुढे उभं केलं. डॅनिश अधिकाऱ्यांनी त्यांना सोडलं आणि घरावर पहारा दिला. इंग्रजांच्या हद्दीत हे झालं असतं का, हा प्रश्न प्रबंधात जरूर विचार.

28 डिसेंबर 1800, रविवार. कॅरी एका बाजूला आपला मुलगा फेलिक्स आणि दुसऱ्या बाजूला कृष्ण पाल, असे चालत हॉलमधून घाटावर आले. गव्हर्नर, युरोपियन, पोर्तुगीज, हिंदू, मुसलमान, सगळे काठावर. पाण्यात उतरण्याआधी बंगालीत गीत झालं आणि कॅरींनी बंगालीत सांगितलं की, ही नदी आम्ही पवित्र मानत नाही, हे नुसतं पाणी आहे. हे सांगणं अत्यंत गरजेचं होतं. गंगेच्या प्रवाहात बुडी मारून वर येणारा माणूस काठावरच्यांना स्नान करणाराच वाटला असता. आधी फेलिक्स, इंग्रजीत. मग कृष्ण पाल, बंगालीत. दुपारी पहिल्यांदाच बंगालीत प्रभुभोजन झालं. गोकुळ आणि कृष्ण पालांच्या घरच्या बायका त्या दिवशी कचरल्या. त्यांचे बाप्तिस्मे नंतर झाले. तेही लिही, लपवू नकोस. आणि त्या दिवशी डॉ. थॉमस यांचं मानसिक संतुलन ढळलेलं होतं, कॅरींच्या पत्नी डोरोथीही आजारी होत्या, दोघांनाही खोलीत ठेवावं लागलं होतं. आनंदाच्या दिवसाच्या वर्णनातून हे दोघं नेहमी गळतात. तू गाळू नकोस, पण दोन वाक्यांत आणि आदराने लिही.

आदरावरून आठवलं. तू कॅरींसाठी सगळीकडे 'त्यांनी' लिहिलंस आणि कृष्ण पालांसाठी 'त्याने'. दोघांनाही 'त्यांनी'च लिही. ज्या मंडळीने पंगत एक केली, तिच्या इतिहासात व्याकरणाने पुन्हा दोन पंगती मांडू नयेत.

पुढची तीन वर्षं तुझ्या प्रबंधाचं हृदय आहेत, कारण सगळे अवघड निर्णय तेव्हाच झाले. नावं बदलायची का? नाही, असं ठरलं. नव्या करारातल्या लोकांनीही अपुल्लोससारखी देवांवरून पडलेली नावं टाकली नव्हती. म्हणून कृष्ण पाल कृष्ण पालच राहिले. जानवं? 1803 मध्ये कृष्णप्रसाद या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्म्याआधी जानवं पायाखाली तुडवून वॉर्ड यांच्या हाती दिलं. वॉर्डनी त्यांना दुसरं घ्यायला पैसे दिले. म्हणजे ते जानव्याकडे समाजातली खूण म्हणून बघत होते, काढायची सक्ती नव्हती. पेला मात्र एकच, तिथे तडजोड नाही. त्या ब्राह्मणाने प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस सुताराच्या मागून घेतला. दक्षिणेत तरंगंबाडीच्या जुन्या मिशनमध्ये जातवार बसण्याची रीत चालू राहिली होती, आणि तिचा त्रास पुढच्या पिढ्यांनी भोगला. श्रीरामपूरने ती रीत सुरूच होऊ दिली नाही. पुढे त्याच वर्षी कृष्णप्रसादांचं लग्न कृष्ण पालांच्या मुलीशी झालं, घरासमोर झाडाखाली, आणि संध्याकाळी सगळे एकत्र जेवले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोकुळ वारले. मंडळीतलं हे पहिलं बंगाली मरण. दफनासाठी जागा नुकतीच घेतली होती. शवपेटी कृष्ण पालांनी स्वतःच्या हातांनी केली आणि स्वखर्चाने आतून-बाहेरून पांढऱ्या मलमलीने मढवली. तोवर शवपेटी वाहायला भाड्याने माणसं लावत. या वेळी मार्शमन, फेलिक्स, ब्राह्मण घरातला भैरव आणि मुसलमान घरातला पीरू यांनी खांदा दिला. आपल्याकडे खांदा कोण देतो याला किती अर्थ असतो हे तुला सांगायला नको. वाचणाऱ्यालाही तो आपोआप कळेल. तू फक्त चार खांदेकरी नीट लिही.

मिशनऱ्यांनी आपसात केलेला 7 ऑक्टोबर 1805 चा करारनामा पूर्ण वाच. 11 कलमं आहेत आणि जानेवारी, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारी तो प्रत्येक ठाण्यावर मोठ्याने वाचायचा असं ठरलं होतं. देशी मंडळ्यांनी आपले पाळक आणि सेवक आपल्याच लोकांतून निवडावेत, हे त्यात स्पष्ट आहे. शेवटी पुन्हा खासगी धंद्याची बंदी: तो नियम सोडला तर मिशन बुडालं समजा, इतक्या कडक शब्दांत.

छापखान्यावर फार पानं खर्च करू नकोस, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. 11 मार्च 1812 ची आग मात्र घे. वॉर्ड यांनी दारं-खिडक्या बंद करून घेतल्या आणि छतातून पाणी ओतायला लावलं, आग दबत आली होती. ते मदत आणायला वळले तेवढ्यात कोणीतरी खिडकी उघडली, वारा आत शिरला आणि सगळं पेटलं. कागद, हस्तलिखितं, खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं गेली. पण अक्षरांचे पोलादी ठसे आणि साचे वाचले, वितळलेलं शिसं राखेतून काढून त्याच ठशांवरून पुन्हा खिळे ओतले. इंग्लंडमधल्या मंडळ्यांनी दोन महिन्यांच्या आत 10,000 पौंड जमवले.

मराठी वाचकासाठी एक प्रकरण हक्काचं आहे. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवत, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. 1805 मध्ये त्यांचं मराठी व्याकरण आणि मराठीतलं मत्तयाचं शुभवर्तमान, 1810 मध्ये मोडी खिळ्यांत छापलेला कोश, 1811 मध्ये नवा करार. हुगळीकाठी बसून केलेली ही भाषा आपल्या लोकांना परकी वाटली हेही खरं, म्हणूनच अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत नवं भाषांतर करून 1826 मध्ये नवा करार काढला. तेही धागे इथेच जुळतात. 1812 मध्ये अमेरिकेहून कलकत्त्याला आलेल्या गटातले अडोनिराम जडसन यांचा बाप्तिस्मा 6 सप्टेंबरला तिथल्या लाल बाजारच्या बाप्टिस्ट चॅपलमध्ये झाला आणि ते ब्रह्मदेशाला गेले. त्याच गटातले हॉल आणि नॉट 1813 मध्ये मुंबईला पोहोचले. आपल्या भागातल्या कितीतरी मंडळ्यांचं मूळ त्या मुंबईच्या मिशनमध्ये आहे.

शेवटचं प्रकरण पैशाचं असू दे, आणि ते टाळू नकोस. 1815 मध्ये या मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीचे इंग्लंडमधले चिटणीस फुलर वारले. त्यांच्याशी सगळं पत्रांवर आणि विश्वासावर चालायचं. नवी समिती म्हणाली, श्रीरामपूरची मालमत्ता आमच्या नावे हवी. इकडचे म्हणाले, ती आमच्या कष्टाच्या पैशातून उभी राहिली, आम्ही तिचे विश्वस्त आहोत. 1823 मध्ये वॉर्ड पटकीने गेले आणि 1827 मध्ये श्रीरामपूर लंडनच्या सोसायटीपासून वेगळं झालं. त्याच वर्षी डेन्मार्कच्या राजाने कॉलेजला सनद दिली, जिच्या जोरावर तुझी बी.डी. आहे. 1834 मध्ये कॅरी गेले. 1837 मध्ये समेट झाला, तेव्हा मार्शमनही उरले नव्हते. दोष एका बाजूवर ढकलू नकोस. मला त्यात दिसतं ते असं: एका टेबलावर जेवणाऱ्यांसाठी केलेली एका पेटीची व्यवस्था हजारो मैलांवरच्या समितीला कागदावर पटवून देता आली नाही. शनिवारची बैठक समुद्रापलीकडे भरवता येत नव्हती.

साधनांबद्दल थोडं. वॉर्ड यांची रोजनिशी आणि सोसायटीचे छापील वृत्तान्त शेजारी ठेवून वाच. वृत्तान्त इंग्लंडमधल्या देणगीदारांसाठी छापलेले आहेत, त्यात अडचणी गाळल्या जातात. कृष्ण 'क्रिस्टनो', गोकुळ 'गोकूल' असे येतात. एकाच माणसाच्या नावाच्या सगळ्या रूपांचा तक्ता आधी कर, नाहीतर एकाचे दोघं होतील. श्रीरामपूरच्या कॅरी ग्रंथालयाला आत्ताच लिही आणि हवी ती वर्षं नेमकी कळव. सोसायटीचे मूळ कागद ऑक्सफर्डला अँगस ग्रंथालयात आहेत. तिथे पत्र पाठवताना मार्गदर्शकांचं शिफारसपत्र जोड.

पहिलं प्रकरण झालं की पाठव. तारखा मी तपासून देईन.

तुझे पप्पा