खाणकामगारांचं ग्रंथालय

संपादक महोदय,

स्कॉटलंडला जाणारे पर्यटक बहुधा एडिंबरोचा किल्ला पाहून परततात. त्यांनी दक्षिणेच्या डोंगराळ भागातलं लेडहिल्स हे छोटं गाव जरूर गाठावं. शिशाच्या खाणीत राबणाऱ्या कामगारांनी तिथं १७४१ मध्ये वर्गणी काढून ग्रंथालय सुरू केलं. ब्रिटनमधलं हे सर्वांत जुनं वर्गणीदार ग्रंथालय मानलं जातं.

मी नुकतीच तिथं जाऊन आले. बैठी, साधी इमारत. आत भिंतीला लागून जुन्या ग्रंथांची कपाटं. पण मी सर्वाधिक रेंगाळले ती खाणीच्या करारवह्यांपाशी. कोणत्या टोळीनं कुठं खोदायचं, काय दरानं, हे सारं त्यांत नोंदलेलं. हीच माणसं काम संपवून धर्मशास्त्र आणि इतिहास वाचत होती!

त्या काळी खाणीचे व्यवस्थापक होते प्रसिद्ध गणिती जेम्स स्टर्लिंग. ग्रंथालयाचं श्रेय पुष्कळदा त्यांना दिलं जातं. त्यांचं प्रोत्साहन असेलही, पण पदरचे पैसे मोजले ते कामगारांनी. तो मान त्यांचाच, असं मला ठामपणे वाटतं.

ग्रंथालय आज स्वयंसेवक सांभाळतात, त्यामुळे ते रोज उघडं नसतं. निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी.

– एक वाचक