हात मोठा, पण जोर कुठे?

प्रिय अवी,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रातली एक ओळ डोक्यातून जात नाही: ‘आयजीएफ-१ नॉर्मल आलं, मग जिना चढताना मांड्या का भरून येतात?’ (आयजीएफ-१ म्हणजे ग्रोथ हार्मोन किती आहे याचा अंदाज देणारी रक्ततपासणी.) आधी हे पक्कं धर, की तुझा थकवा खरा आहे. तो आळस नाही आणि मनाचे खेळही नाहीत.

अ‍ॅक्रोमेगलीत (मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होऊन ग्रोथ हार्मोन जास्त तयार होण्याच्या आजारात) हातपाय रुंदावतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं गडी दणकट आहे. पण स्नायू भरला म्हणून जोर त्याच मापात वाढत नाही. जास्तीचं ग्रोथ हार्मोन अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, आणि शरीरातली हाडं, चरबी आणि बाकीचा भाग वेगळा मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनवर ‘लीन मास’ (चरबी सोडून उरलेलं वजन) म्हणून जे दिसतं त्यात हे पाणीही धरलेलं असतं. स्नायूचा तुकडा तपासला तर अनेकदा टाइप १ चे, म्हणजे सावकाश पण बराच वेळ काम करणारे, तंतू फुगलेले असतात आणि टाइप २ चे, म्हणजे झटक्यात जोर लावणारे, बारीक झालेले असतात. म्हणून सपाटीवर तू चालतोस, पण खाली बसून उठताना किंवा वरच्या फळीवर डबा ठेवताना मांड्या आणि खांदे साथ सोडतात. सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आली म्हणून हा अशक्तपणा नाकारता येत नाही.

ऑपरेशन किंवा इंजेक्शननंतर पाणी उतरतं, अंगठी सैल होते, घाम कमी होतो. पण त्याबरोबर लीन मास घटतं आणि चरबी वाढते. याच काळात व्यायाम केला नाही तर ‘बरा झालो आणि अशक्त झालो’ असं वाटू लागतं. सांध्यांची झीज तर हार्मोन आटोक्यात आल्यावरही मागे राहते. दुखरा गुडघा मांडीला पूर्ण जोर लावू देत नाही, मग मांडी वाळते आणि गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो.

आता सगळं अ‍ॅक्रोमेगलीच्या माथी मारू नकोस. डॉक्टरांना एकेक गोष्ट विचार. सकाळचं कॉर्टिसॉल किती आहे? थायरॉइडसाठी फ्री टी४ पाहिलं का? टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन पिट्युटरीतूनच येतं, म्हणून पिट्युटरीच्या बिघाडात नुसतं टीएसएच फसवतं. टेस्टोस्टेरॉन, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासली का? हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारं औषध) चालू असेल तर डोस जास्त होत नाही ना? जास्त डोसनेही मांड्याच आधी ढिल्या पडतात. मात्र तो डोस मनाने कमी करू नकोस, त्यात जिवाला धोका आहे. घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेची तपासणी मागून घे; रात्रभर श्वास अडकत असेल तर कुठल्याच व्यायामाने ताजंतवानं वाटणार नाही.

बाटलीचं झाकण उघडत नाही म्हणतोस, ते वेगळं पाहायला हवं. तळहात वर करून अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी शेजारी बघ. एका बाजूला खळगा दिसला, रात्री पहिल्या तीन बोटांना मुंग्या येत असल्या, तर मनगटात नस दाबली गेली असू शकते. मग पकड वाढवायचे चेंडू दाबत बसू नकोस, नसेची तपासणी करून घे.

घरी मोजायला एक चाचणी पुरते. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभा राहतोस ते मोज. हाताचा आधार घ्यावा लागला तर शून्य लिही. महिन्यातून एकदा, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी. मग डॉक्टरांसमोर ‘थकतो’ एवढंच न म्हणता आकडा ठेवता येतो.

व्यायामाआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्तदाब पाहून घे, कारण या आजारात हृदयाचा स्नायूही जाड होतो. नाकातून ऑपरेशन झालंय, तेव्हा सर्जनने हो म्हणेपर्यंत वजन उचलणं आणि श्वास रोखून जोर लावणं बंद. त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून: खुर्चीतून उठणं, भिंतीवर हात टेकून दंड, टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, सुरुवातीला एकच फेरी. उठताना श्वास सोड, बसताना तीन मोजत सावकाश ये. मांडीला खाली येतानाही काम पडतं. दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर हरकत नाही. पण सांधा सुजला किंवा सांध्याचं दुखणं २४ तासांपेक्षा जास्त टिकलं तर पुढच्या वेळी निम्मंच कर. पाठीत अचानक कळ आली तर थांब आणि एक्स-रे काढ: या आजारात हाडांची घनता नॉर्मल असतानाही मणके दबतात.

आणि आरशाचं. अ‍ॅक्रोक्यूओएल या प्रश्नावलीत, म्हणजे या आजारात जगणं कसं चाललंय ते विचारणाऱ्या यादीत, २२ प्रश्न आहेत. त्यातले ८ शरीराबद्दल, उरलेले १४ मनाबद्दल, आणि त्या १४ पैकी निम्मे रूपाबद्दलच. रक्ताचा रिपोर्ट सुधारला तरी या प्रश्नांची उत्तरं त्याच वेगाने सुधारत नाहीत. फोटोत मागे उभा राहतोस असं तू ओझरतं लिहिलंस; तेही डॉक्टरांना सांग. ती तक्रारच आहे, लाजण्याची गोष्ट नाही.

रविवारी खुर्ची मांड आणि पहिला आकडा मला कळव. कितीही छोटा असला तरी.

तुझाच,
मधू