घाट तुझा, फाटी माझी

विटा, जि. सांगली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुणे जिल्ह्यातल्या खेडला बदली झाल्यापासून तू घाटातल्या, म्हणजे चढाच्या धावपट्टीवरच्या, बैलगाडा शर्यतीचा पुरता भक्त झालेला दिसतोस. चार बैल, पुढे घोडी, एका वेळी एकच गाडा आणि घाट किती सेकंदांत चढला एवढाच हिशेब. म्हणून तीच खरी शर्यत, असे तू लिहितोस. आपल्या सांगली-साताऱ्याच्या मैदानात नशिबाचा भाग फार, हा तुझा आक्षेप मला मान्य आहे, पण लहानपणापासून मी या मैदानांत रमलो तो नेमका त्याच कारणाने.

आपल्याकडे सात-आठ छकडे, म्हणजे दोन बैलांच्या हलक्या गाड्या, शेजारशेजारच्या फाट्यांतून, म्हणजे आखलेल्या पट्ट्यांतून, एकाच झेंड्यावर सुटतात. कोणत्या गटात कोण आणि कोणत्या फाटीत कोण, हे चिठ्ठीवर ठरते. मधल्या फाटीत सरळ पळणारा बैल कडेच्या फाटीत आला की गर्दीचा गलका ऐकून आत दाबतो आणि जिंकलेली शर्यत घालवतो. गट, सेमी, फायनल अशा तीन धावा एकाच दिवसात जिंकायच्या असल्याने नुसता वेग पुरत नाही. उन्हात तासन्‌तास थांबून पुन्हा त्याच ताकदीने सुटणारा बैल लागतो.

आणि खरी गंमत पैऱ्याची, म्हणजे बैलांची जोडी जुळवण्याची. पुष्कळदा जुंपलेले दोन बैल दोन गावांचे, दोन मालकांचे असतात. एक झेंडा पडताच उसळी मारणारा, दुसरा शेवटपर्यंत दम टिकवणारा. एक डावीकडे ओढणारा असेल तर दुसरा त्याला सावरणारा हवा. सोयरीक जुळवावी तशा चौकशा करून पैरा ठरतो, तरीही दोन नामांकित बैल एकत्र येऊन गटातच मार खातात आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेली आदत, म्हणजे अजून दुधाचे दात असलेल्या, खोंडांची जोडी फायनलला जाते. घड्याळाने हे सारे मोजता येईल, असे मला वाटत नाही. निकालरेषेवर कोणाचे तोंड पुढे होते यावरून आपल्याकडे भांडणे होतात, हे मात्र खरे. आता कॅमेरा आल्याने तीही कमी झाली आहेत.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा तू म्हणाला होतास की हा नाद आता सुटेल. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या वर्षांत अनेकांनी खोंड विकले. आटपाडी-म्हसवडच्या माळावरचे खिल्लार जातीचे बैल केवळ शर्यतीमुळे टिकले, असे मी म्हणणार नाही, परंतु खरसुंडीच्या बाजारात चांगल्या खोंडाला मोल येते त्यात शर्यतीच्या आशेचा वाटा मोठा आहे. काठी, चाबूक नको आणि धाव एक हजार मीटरच्या आत हवी, या नियमांबद्दल माझी तक्रार नाही. मारून पळवलेल्या बैलाचे मला कधीच कौतुक वाटले नाही. कासऱ्याच्या नुसत्या इशाऱ्यावर पळतो तो बैल. खटकते ते बक्षिसांचे वेड. २०२३ मध्ये भाळवणीच्या मैदानात पहिल्या क्रमांकाला थार गाडी होती! तेव्हापासून एकाच बैलाला लागोपाठ मैदाने दाखवण्याचा मोह वाढला आहे, आणि थकलेला बैल काही बोलून दाखवत नाही.

तू खोंड घ्यायचा म्हणतोस, तर पुढाऱ्यांच्या नावावर किंमत वाढवलेला घेऊ नकोस. अंग आटोपशीर, कातडी घट्ट, खूर काळे आणि चाल मोकळी असलेला आदत बघ, त्याची आई पाहिल्याशिवाय इसार देऊ नकोस आणि पहिले वर्ष त्याला मैदान दाखवू नकोस. थंडीत पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला ये. बाजारही पाहू आणि मैदानही. घाटाचा अभिमान बरोबर आणलास तरी चालेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मैदानकरी