दगड दिसतो, पण कळत नाही : केंद्रीय संस्कृती आणि पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय संस्कृती आणि पर्यटन मंत्री,
नवी दिल्ली

मंत्रिमहोदय, सादर नमस्कार.

किल्ले, लेणी, मंदिरं सांभाळणारं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण संस्कृती खात्याकडे येतं. ती पाहायला येणारा माणूस आणि त्याला फिरवणारा गाईड पर्यटन खात्याकडे. ही दोन्ही खाती सध्या आपल्याकडेच आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला. वास्तूची डागडुजी होते, तिकीटघर असतं, हिरवळ राखलेली असते. पण आलेल्या माणसाला समोर काय आहे हे नीट सांगायचं काम नक्की कोणाचं, याचं उत्तर देशभर फिरूनही मला मिळालेलं नाही.

संरक्षित स्मारकाच्या दाराशी निळी पाटी असते. १९५८ च्या कायद्याखाली हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, त्याची नासधूस केल्यास शिक्षा होईल, असं ती बजावते. २०१० च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. ही पाटी हवीच, आणि शिक्षा व्हायलाही हवी. आत आणखी एक फलक असतो. त्यावर राजघराण्याचं नाव, एखादं शतक, आणि पुढे अधिष्ठान, अंतराळ, अर्धमंडप अशा शब्दांची रांग. वाचणारा दोन ओळींत थकतो आणि फोटो काढायला वळतो. दगडावर खिळ्याने नावं कोरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पण हा दगड कोणाचा, तो इथे कसा आला, त्यावर आधीच काय कोरलेलं आहे, हे त्या पोराला कधी कोणी सांगितलं होतं का, हा प्रश्नही मला सोडत नाही. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचं मोल जाणणं आणि तो जतन करणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. त्यात मोल जाणणं आधी येतं, जतन नंतर. पहिलं घडायची सोय कोणी केली नाही, तर दुसऱ्याची अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

तमिळनाडूतल्या तंजावरचं सांगते. बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधलं, १०१० मध्ये ते पूर्ण झालं, त्याचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साधारण ६६ मीटर उंच आहे. एवढं सगळ्यांना सांगितलं जातं आणि माना वर करून सगळे शिखर बघतात. खरी कमाल मात्र खाली, जोत्यावर आहे. तिथे तमिळ अक्षरांत मंदिराचा जमाखर्चच कोरून ठेवला आहे. आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, असं सगळं दगडावर नोंदवा, अशी राजराजाची आज्ञा आहे. ही अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. मंदिरासाठी आणलेल्या सुमारे ४०० नर्तकींची नावं त्यात आहेत. कोणती कुठल्या गावच्या मंदिरातून आली, तिला कोणत्या रस्त्याला कितवं घर दिलं, तिच्या वाट्याला किती भात, हेही आहे. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बाया आपापल्या नावानिशी त्या भिंतीवर आहेत, आणि आपण त्यांना पाठ टेकून सेल्फी काढतो, कारण त्या तिथे आहेत हे आपल्याला ठाऊकच नसतं.

त्याच आवारात मराठी शिलालेख आहे. सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास, मराठीतल्या सर्वांत लांब शिलालेखांपैकी एक. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे तंजावरला आले आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी राहिली. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. डोळ्यांच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या. रामेश्वर-मदुराईला निघालेल्या मराठी सहली या मंदिरात उतरतात, नंदीला हात जोडतात, विमानाकडे पाहतात आणि गाडी सुटायची वेळ झाली म्हणून निघून जातात. स्वतःच्या भाषेतली एवढी मोठी नोंद चार पावलांवर होती हे बऱ्याच जणांना घरी गेल्यावरही कळत नाही. आणि तमिळ माणसालाही ही अक्षरं इथे कशी आली हे कळायला हवं. त्याच्या गावच्या देवळात दुसऱ्या भाषेतलं एवढं लिखाण का, याचं त्यालाही कुतूहल असणारच.

कर्नाटकातल्या ऐहोळेला तेच होतं. बस दुर्ग मंदिरापाशी थांबते, ते पाहून होतं, आणि टेकडीवरच्या मेगुती मंदिराकडे फार थोडे वळतात. त्या जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीचा लेख आहे, शके ५५६ चा, म्हणजे इसवी सन ६३४ चा. चालुक्य राजा पुलकेशी दुसरा याने उत्तरेच्या सम्राट हर्षाला हरवल्याचं त्यात आहे. त्याच्या अमलाखालच्या तीन महाराष्ट्रकांचा, म्हणजे प्रदेशांचा, आणि त्यांतल्या ९९ हजार गावांचा उल्लेख आहे. रविकीर्ती स्वतःला कालिदास आणि भारवीच्या पंक्तीत बसवतो, त्यामुळे कालिदास त्याच्या आधीचा एवढं तरी पक्कं होतं. शाळेच्या पुस्तकात हे सगळं एका ओळीत संपतं. त्या भिंतीसमोर उभं राहून कोणी ते वाचून दाखवलं, तर आठवीतलं मूल ते जन्मात विसरणार नाही.

गाईड मंडळींना मी दोष देत नाही. उन्हातान्हात दिवसाला चार-पाच गट फिरवून पोट भरणारी ही माणसं आहेत, आणि त्यांना शिकवायची तसदी आपण कितीशी घेतली? मग गोवळकोंड्याला फतेह दरवाज्याखाली टाळी वाजवायची आणि ती वर माथ्यावरच्या बाला हिसारपर्यंत ऐकू जाते हे दाखवायचं. विजापूरला गोल घुमटाच्या सज्जात कुजबुजायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून किंचाळायचं. हे दाखवू नये असं नाही. तो घुमट १६५६ मध्ये पुरा झाला, त्याचा व्यास ४४ मीटर आहे, आणि मधे एकही खांब नसताना तो उभा कसा राहिला हे समजलं तर त्या कुजबुजीला अर्थ येतो. गोवळकोंड्याचं तर विशेष वाटतं. १६७७ मध्ये शिवाजी महाराज भागानगरात, म्हणजे आजच्या हैदराबादेत, अबुल हसन कुतुबशहाला भेटले, त्याचे दिवाण मादण्णा पंडित यांच्या मध्यस्थीने करार झाला आणि तिथून महाराजांची स्वारी कर्नाटकाकडे निघाली. मादण्णा आणि त्यांचे भाऊ अक्कण्णा यांच्या कचेऱ्यांचे अवशेष त्या किल्ल्यातच दाखवतात. टाळीनंतर पाच मिनिटं यासाठी मिळाली, तर मुसलमान सुलतान, ब्राह्मण दिवाण आणि मराठा राजा एका मसलतीत कसे होते ते लोकांना कळेल. आजच्या काळात हे कळणं मला फार गरजेचं वाटतं.

दंतकथांबद्दलही थोडं. हंपीच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने इथे आणली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी परंपरा वारकरी सांगतात. ती ऐकून त्या मंडपात उभं राहताना मला भरून आलं होतं. फलकावर ही परंपरा यावी, पण परंपरा म्हणूनच यावी. कोरीव लेखात काय आहे, पोथीत काय आहे आणि लोक काय सांगतात, हे वेगवेगळं लिहिलं की वाचणाऱ्याचा मान राहतो आणि श्रद्धेलाही धक्का लागत नाही.

हे जमतं, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. जोधपूरचा मेहरानगड एका न्यासाकडे आहे. तिथे कानाला लावायचं ध्वनियंत्र अनेक भाषांत मिळतं आणि एकेका दाराशी थांबवून ते नीट हकिगत सांगतं. लोहापोळ या दरवाज्याजवळ सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत. तिथे लोक आपोआप गप्प होतात, कारण ते काय पाहताहेत हे त्यांना कळलेलं असतं. पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा जमिनीने तमिळनाडूत, पण कारभार केरळच्या पुरातत्त्व विभागाचा. तिथे दालनादालनात माणसं नेमलेली आहेत. छताचं नक्षीकाम दाखवतात, काळ्या गुळगुळीत जमिनीची कृती सांगतात, लहान मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. यात कुठलंही महागडं तंत्रज्ञान नाही, माहिती असलेला आणि सांगायची आवड असलेला माणूस जागेवर आहे, इतकंच.

साध्या माहितीचीही तीच गत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, ताजमहाल शुक्रवारी बंद. दूरवरून आलेल्या कुटुंबाला हे गेटवर कळतं. किल्ल्याला पायऱ्या किती, वर पाणी आहे का, स्वच्छतागृह कुठे, गुडघे दुखणाऱ्या माणसाने कुठवर जावं, हे पायथ्याशी लिहायला काहीच अडचण नाही.

आता मागणी. तिकीट भारतीयांना बहुतेक ठिकाणी २५ किंवा ४० रुपये आहे. ते वाढवा असं मी म्हणणार नाही, कारण ते परवडतं म्हणूनच सहा माणसांचं घर आत जाऊ शकतं. पण त्या तिकिटासोबत सांगणं मिळायला हवं. तिकीट असलेल्या प्रत्येक स्मारकात राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी यांत नव्याने लिहिलेले फलक लावावेत. ते त्या विषयाच्या अभ्यासकाने लिहावेत आणि एखाद्या शाळेतल्या शिक्षकाने वाचून 'हे समजतं' असं म्हटल्यावरच लावावेत. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत ध्वनिमुद्रण करावं आणि ते पायथ्याशीच मोबाइलवर उतरवून घेता यावं, कारण गडावर रेंज नसते. भाषांतरासाठी सरकारची भाषिणी ही संगणकीय यंत्रणा आहे, ती जरूर वापरा, पण शेवटचा हात त्या भाषेच्या जाणकाराचा असू द्या. यंत्राने केलेली भाषांतरं आम्ही सरकारी पाट्यांवर पुरेशी वाचली आहेत. गाईडचं प्रशिक्षण दिल्लीच्या अभ्यासक्रमावर न भागवता त्या त्या किल्ल्यावर, त्या त्या मंदिरात घ्यावं आणि आसपासच्या गावातल्या मुलामुलींना पहिली संधी द्यावी. सुमारे ३,७०० संरक्षित स्मारकांपैकी तिकीट थोड्याच ठिकाणी आहे. बाकी ठिकाणी रोज माणूस ठेवणं जमणार नाही हे मी समजू शकते, पण एक बरा फलक आणि एक ध्वनिफीत तिथेही पोचू शकते.

सुरुवात कुठून करावी, हेही सुचवते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आम्ही पेढे वाटले, आणि तो आनंद खराच होता. ही यादी ज्या जागतिक वारसा कराराखाली होते आणि ज्यावर भारताने १९७७ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली, त्याच्या चौथ्या कलमात वारसा ओळखणं, जपणं, पुढच्या पिढीकडे सोपवणं यांच्या जोडीला तो लोकांसमोर मांडणं हेही कर्तव्य सांगितलं आहे. या बारांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी हे आठ आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड महाराष्ट्र शासनाकडे आहेत, त्यांच्याशी बोलणं आपल्याला अवघड नाही.

त्यातही तमिळनाडूतला जिंजी किल्ला आधी घ्या, अशी माझी विनंती आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी ती घेतली. पुढे रायगड पडल्यावर राजाराम महाराजांनी तिथूनच राज्य तगवलं आणि मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा १६९८ पर्यंत वर्षानुवर्षं झुंजवला. आम्ही जिंजीला जातो ते यासाठी. तमिळ माणूस त्याच किल्ल्यावर जातो तो राजा देसिंगसाठी. १७१४ मध्ये अर्काटच्या नबाबाशी लढताना पडलेला हा तरुण बुंदेला राजपूत, त्याचा घोडा आणि त्याचा जिवलग मित्र महाबतखान यांची गाणी तमिळ खेड्यांतून गायली जातात. जिंजीतल्या राजगिरी टेकडीच्या एकाच वाटेवरून आम्ही आणि ते बरोबरीने चढतो, एकमेकांना पाणी देतो, आणि दोघांनाही दुसऱ्याचा जिंजी ठाऊक नसतो. तिथे राजारामाची हकिगत तमिळमध्ये आणि देसिंगची मराठीत लिहा. रायगडावर हिरोजी इंदुलकरांच्या पायरीपाशी तमिळ आणि बंगालीतही सांगा की ज्याने हा गड बांधला त्याने आपलं नाव कुठे आणि कसं कोरलं.

या आठ किल्ल्यांचे फलक आणि ध्वनिमुद्रण कोणत्या महिन्यापर्यंत पुरं होईल, मजकूर कोण लिहील आणि तो लावण्याआधी लोकांना वाचायला मिळेल का, एवढं आपण जाहीर करावं. मराठी मजकूर तपासायला, वाचून दाखवायला, मुद्रित करायला इथली इतिहासाची प्राध्यापक मंडळी, दुर्गभ्रमण करणारे गट आणि शिक्षक बिनमोबदला पुढे येतील. मीही येईन.

आपली,
महाराष्ट्रातली एक प्रवासी